मुल्कीला सर्फिंग शिकायला निघालो आहोत. चार दिवस जेवायचे कुठे?

लाटेवरची

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण चार दिवसांसाठी कर्नाटकातील मुल्कीला जात आहोत. मी, माझे यजमान आणि चौदा वर्षांचा मुलगा असे तिघे सर्फिंग शिकणार आहोत. बरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. मुलीला तिखट अजिबात सोसत नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून कांदा-लसूणही खात नाहीत. आम्ही तिघे मात्र मासे मिळाले तर दोन्ही वेळा खाणारे आहोत.

राहण्याची सोय नदीकाठच्या एका घरगुती निवासात झाली आहे. तिथे फक्त सकाळचा चहा मिळेल, बाकीचे आपले आपण पाहावे, असे मालकीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितले आहे. गोव्यात आश्वेला किंवा केरळात वर्कलाला समुद्राकडे तोंड करून ओळीने खाण्याची ठिकाणे असतात, तसे मुल्कीला नाही असे ऐकले. मग तिथे शिकायला जाणारे लोक जेवतात कुठे? सासूबाईंची आबाळ होऊ नये आणि आम्हालाही त्या किनाऱ्याचेच अन्न खायला मिळावे, एवढीच इच्छा आहे. जे स्वतः राहून आले आहेत किंवा त्या भागात राहतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शांभवीकाठ

ताई, मी गेली अकरा वर्षे सुरतकलला राहते. मुल्की आमच्या उत्तरेला, महामार्गाने अर्ध्या तासावर आहे आणि तिथे आमचे नेहमी जाणे-येणे असते, म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

तुम्ही ऐकलेत ते खरे आहे. मुल्कीचा किनारा हा पर्यटकांचा किनारा नाही. तिथे नारळाच्या बागा, मच्छीमारांची घरे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि शहाळी विकणारा एखादा माणूस दिसेल. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या ससिहित्लूजवळ एकत्र येऊन समुद्राला मिळतात. भारतीय खुली सर्फिंग स्पर्धा २०१६ साली तिथेच भरली होती. लाट तिथे आहे, पण जेवण गावात आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ गावातून जातो आणि खाण्याची बहुतेक ठिकाणे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, बसस्थानकाच्या आसपास आणि कार्नाडच्या बाजारात आहेत. किनाऱ्यावरून तिथे यायला रिक्षा लागते. परतीच्या रिक्षेसाठी चालकाचा क्रमांक घेऊन ठेवा, कारण दुपारी किनाऱ्याच्या रस्त्यावर रिक्षा मिळत नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या किनाऱ्यावर ‘कुठे’ खायचे यापेक्षा ‘केव्हा’ खायचे हे आधी समजून घ्यावे लागते. सकाळी साडेसहा-सातला शाकाहारी हॉटेले उघडतात आणि तेव्हापासून दहा वाजेपर्यंत इडली, नीर डोसा (तांदळाच्या पातळ पिठाचा मऊ डोसा), बन्स आणि सज्जिगे-बजिल मिळते. साडेबारा ते अडीच ही मासळीच्या जेवणाची वेळ. पावणेतीनला गेलात तर भात मिळेल, पण तव्यावरचा चांगला मासा संपलेला असेल. चार वाजता गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, तळायला घेतात आणि साडेपाचला तो घाणा संपतो. रात्रीचे जेवण लवकर होते, त्यामुळे नऊनंतर फक्त महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांवर अवलंबून राहावे लागते. मुंबईच्या सवयीने दुपारी साडेतीनला जेवायला निघालेल्या पाहुण्यांना मी अनेकदा उपाशी परतताना पाहिले आहे.

आता सज्जिगे-बजिलविषयी. सज्जिगे म्हणजे रव्याचा उपमा आणि बजिल म्हणजे पोहे. एकाच बशीत पांढरा उपमा आणि त्याच्यावर खोबरे, गूळ, तिखट चोळलेले पातळ पोहे देतात. काही ठिकाणी त्यावर काळ्या हरभऱ्यांची उसळही घालतात. उपम्याचा मऊपणा आणि पोह्यांचा गोडसर तिखटपणा एकाच घासात येतो. महाराष्ट्रात उपमा आणि पोहे या दोन वेगळ्या दिवसांच्या न्याहाऱ्या आहेत. इथे त्यांचे लग्न लावले आहे आणि ते फार सुखाचे झाले आहे. मुलीसाठी मात्र बन्स मागवा. नाव पावाचे असले तरी ती पिकलेली केळी, मैदा, दही आणि जिरे घालून केलेली फुगीर, गोडसर पुरी असते.

एक शब्द शिकून या. तुळू भाषेत भेटल्यावर ‘वणस आंडा?’ असे विचारतात, म्हणजे ‘जेवण झाले का?’ तुम्ही हा प्रश्न हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारलात, तर आज काय चांगले आहे हे तो आपण होऊन सांगेल.

पहाटलाट

मी पुण्याहून दोन हिवाळे मुल्कीला शिकायला गेलो आहे, म्हणून भुकेच्या बाजूने लिहितो.

ऑक्टोबर ते मे या काळात समुद्र सकाळी सपाट आणि शिस्तीत असतो, कारण तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. उन्हे तापल्यावर वारा उलटा फिरतो आणि लाटा विस्कटतात. त्यामुळे शिकवणी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी पोट रिकामे ठेवले तर तासाभरात हात गळून जातात आणि भरपेट खाल्ले तर फळीवर पालथे पडल्यावर सगळे वर येते. मी आदल्या संध्याकाळी बाजारातून वेलची केळी घेऊन ठेवत असे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तासभर आधी दोन केळी व चहा एवढेच घेत असे. तळलेले बन्स मी पहिल्या दिवशी आधी खाल्ले होते. ते शिकवणीनंतरच खावेत.

साडेनऊला पाण्याबाहेर आल्यावर मात्र भूक अशी लागते की पहिले दिसेल ते हॉटेल गाठावेसे वाटते. तसे न करता आधी शहाळे प्यावे, मीठ धुवून कपडे बदलावेत आणि मग गावात जावे. ओल्या कपड्यांनी आणि वाळूच्या पायांनी हॉटेलात बसणे तिथल्या लोकांना आवडत नाही आणि त्यांचे बरोबर आहे.

मुल्कीतील सर्फिंगची सुरुवात ज्या आश्रमापासून झाली, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतून आलेले जॅक हेब्नर, ज्यांना लोक ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ओळखत, यांनी इथे शांभवीच्या काठी वैष्णव आश्रम आणि मंत्रा सर्फ क्लब चालवला. तिथे राहणाऱ्यांना शाकाहारी अन्न मिळते. म्हणजे मुल्कीत सर्फिंग आणि शाकाहार यांचे नाते सुरुवातीपासूनचे आहे, हे आपल्या सासूबाईंना अवश्य सांगा. तिथे न राहताही जेवता येते का, हे आधी दूरध्वनी करून विचारावे.

तिरफळ

मी मालवणचा. माझी बहीण उडुपीला दिली आहे, त्यामुळे दोन्हीकडची मासळी वर्षानुवर्षे खात आलो आहे. मासळीविषयी जरा मोठे लिहितो, कारण आपल्याकडचे लोक तिथे जाऊन फक्त सुरमई आणि पापलेट मागतात आणि परत येऊन ‘आपल्यासारखेच होते’ असे म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिली गोष्ट नावांची. तिथे सुरमईला अंजल, पापलेटला मांजी, बांगड्याला बंगुडे, तारलीला बूताई, कोळंबीला येट्टी आणि तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, मरवाई म्हणतात. आपली मुडदुशी तिथे काणे या नावाने मिळते आणि तिला तिथे जो मान आहे तो आपल्याकडे नाही. काणे रवा फ्राय हा त्या किनाऱ्याचा खरा पाहुणचार समजावा. पांढरे, नाजूक, गोडसर मांस असते, मधला काटा सहज सुटतो आणि रव्यात तळलेला मासा फार तिखट नसतो. तुमच्या मुलीसाठी याहून चांगला मासा मला सुचत नाही. वाढणाऱ्याला ‘खार कम्मी’ असे सांगावे, म्हणजे तिखट कमी.

दुसरी गोष्ट आंबटाची. आपण मालवणात माशाच्या कढीला कोकम घालतो आणि बांगड्याला, तारलीला तिरफळ लागते. तुळू घरांतल्या रश्श्यात आंबटपणा मुख्यतः चिंचेचा असतो. वाटणात ब्याडगी मिरची, धणे, किंचित मेथी आणि पुष्कळदा ओवाही असतो. ओव्याचा वास आपल्याला पहिल्या घासाला परका वाटतो, पण तिसऱ्या घासाला तो उकड्या भाताबरोबर कसा बसतो हे कळते. या आंबट-तिखटाचे टोक म्हणजे पुळीमुंची. पुळी म्हणजे आंबट आणि मुंची म्हणजे मिरची. बांगड्याची किंवा तारलीची पुळीमुंची दाट, लालभडक असते आणि तिच्यात खोबरे नसते. ज्याला खोबरे हवे त्याने सुक्का मागवावे. गंमत अशी की कोकम त्या भागातही आहे. त्याला पुनर्पुळी म्हणतात आणि त्याचे सरबत पितात.

तिसरी गोष्ट मरवाईची. शांभवीच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढतात. तिसऱ्यांचे सुक्के आपल्याकडेही होते, पण तिथे त्यात तांदळाच्या उकडलेल्या गोळ्या सोडतात. त्या गोळ्यांना पुंडी म्हणतात. तिसऱ्यांचा खारट रस त्या गोळ्यांत मुरतो. हा पदार्थ हॉटेलात रोज मिळत नाही, तो घरांत होतो. तुमच्या मालकीणबाई मांसाहारी असतील तर बाजारातून तिसऱ्या आणून देण्याची तयारी दाखवा आणि रीतसर पैसे देऊन एक दिवस करून मागा.

जेवायला बसल्यावर आधी फिश मील्स मागवा. उकडा भात, माशाचा रस्सा, एखादी भाजी, लोणचे असे ताट येते आणि भात-रस्सा पुन्हा वाढतात. तळलेला मासा वेगळा घ्यायचा असतो आणि त्याचा भाव आकारावर ठरतो. हा भाव मागवण्यापूर्वी विचारावाच. एका हॉटेलात मी न विचारता मोठे पापलेट मागवले आणि बिल पाहून माझा चेहरा उतरला होता. तेव्हापासून मी ‘आज काय आले आहे’ आणि ‘केवढ्याला’ हे दोन प्रश्न पाणी पिण्याआधी विचारतो.

लाटेवरची

तिरफळदादा, पहाटलाट, शांभवीकाठताई, मनापासून आभार. काणे आणि पुंडी ही नावे वहीत लिहून घेतली आहेत. आता सासूबाईंच्या जेवणाविषयी कोणी सांगू शकेल का? मासळीच्या हॉटेलात त्या बसतील, त्यांना वासाचे वावडे नाही, परंतु त्याच तव्यावरचे काही खाणार नाहीत.

शाकाहारी_प्रवासी

आपल्या सासूबाईंना मुल्कीत मासे खाणाऱ्यांपेक्षा अधिक सुख लागेल, असे मी खात्रीने सांगतो. मी स्वतः कांदा-लसूण न खाणारा आहे आणि आईला घेऊन त्या भागात आठ दिवस हिंडलो आहे.

मिश्र हॉटेलात शाकाहारी पदार्थ मागवण्याचा विचार सोडून द्या. नीर डोसा दिसायला निष्पाप असतो, पण तिथे तो कोंबडीच्या किंवा माशाच्या रश्श्याबरोबरच खपतो आणि तव्याची खात्री कोणी देत नाही. शुद्ध शाकाहारी हॉटेल निवडा आणि तिथेही ‘ईरुळ्ळी बेड, बेळ्ळुळ्ळी बेड’ असे सांगा, म्हणजे कांदा नको, लसूण नको. इडली, खोबऱ्याची चटणी आणि शिरा यांना अडचण नसते. सांबाराविषयी मात्र प्रत्येक वेळी विचारावे.

मुल्कीत गौड सारस्वतांचे व्यंकटरमण मंदिर आहे आणि गावात कोकणी बोलणारी बरीच घरे आहेत. आपण सावकाश मराठी बोलल्यास दुकानांत पुष्कळदा कोकणीत उत्तर मिळते. सासूबाईंना त्यामुळे फार धीर येईल. या समाजाचे शाकाहारी अन्न आपल्या सारस्वत घरांतल्या अन्नाचे सख्खे भावंड आहे. हिंग-मिरचीच्या फोडणीचे वरण म्हणजे दाळीतोय, कोवळी तोंडली आणि ओले काजू यांची सुकी भाजी म्हणजे उपकरी, अळूच्या पानांचे पत्रोडे, फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेल्या इडल्या म्हणजे खोट्टे हे पदार्थ ओळखीचे वाटतील. फणसाच्या पानाचा वास त्या इडलीला जो लागतो, त्यासाठी मी पुन्हा जाईन. केवड्याच्या जातीच्या पानांच्या नळकांड्यांत उकडतात त्याला मुडे म्हणतात. हे प्रकार सणासुदीला अधिक होतात, पण काही हॉटेलांत सकाळी मिळतात. लवकर जावे लागते.

आणि मंदिरे. मुल्कीत शांभवीच्या काठी बप्पनाडूचे दुर्गापरमेश्वरी मंदिर आहे. बप्प नावाच्या एका मुस्लिम व्यापाऱ्याने ते बांधले अशी तिथली कथा आहे आणि गावाला तिचा अभिमान आहे. किन्निगोळीमार्गे पुढे कटीलला नंदिनी नदीच्या पात्रात दुर्गापरमेश्वरीचे मोठे क्षेत्र आहे. तिथे दुपारी भाविकांना अन्नप्रसाद देतात. जमिनीवर पंगतीत बसून गरम भात, सारू, सांबार आणि पायस असे साधे जेवण झाले. आईने त्या आठ दिवसांत सर्वांत तृप्त होऊन जेवले ते तिथेच. तुम्ही लाटांवर असताना सासूबाई आणि नात सकाळी रिक्षा करून कटीलला जाऊन, प्रसाद घेऊन दुपारी परत येऊ शकतात.

बंटांचा_शेजारी

मी माटुंग्यात वाढलो. आमच्या इमारतीत तीन शेट्टी कुटुंबे होती आणि तिघांचीही मुळे उडुपी ते मंगळूर या पट्ट्यात होती. त्यामुळे मुल्कीला पहिल्यांदा गेलो तेव्हा परगावी गेल्यासारखे वाटलेच नाही.

मुंबईचे अर्धे पोट या पट्ट्याने भरले आहे. माटुंग्याला १९४२ साली ए. रामा नायक यांनी सुरू केलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काय, किंवा फोर्टमध्ये १९७३ साली उघडलेले महेश लंच होम काय, ही माणसे इथूनच आली. जुहूला १९८४ साली नॅचरल्स आइस्क्रीम सुरू करणारे रघुनंदन कामत मूळचे मुल्कीचेच होते आणि त्यांचे वडील फळे विकत. त्या बाजारातून फणस, चिकू, शहाळे विकत घेताना मला त्यांच्या आइस्क्रीमच्या चवी आठवतात. मुंबईत शेट्टींच्या हॉटेलांत गेली अनेक दशके आपण जे खात आलो, ते इथे घरच्या मापात आणि घरच्या तिखटात मिळते. कोंबडी खाणाऱ्यांनी कोरी रोट्टी चुकवू नये. तांदळाची पापडासारखी कडक रोट्टी मोडून ताटात पसरतात, वर कोंबडीचा पातळ रस्सा ओततात आणि ती मऊ पडायला लागण्याच्या त्या दोन मिनिटांत खायची असते. उशीर झाला तर लगदा होतो.

माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. चार दिवसांतील एक दुपार मंगळूरला आणि एक संध्याकाळ उडुपीला द्या. मुल्की दोन्हींच्या साधारण मध्ये आहे, दोन्हीकडे तीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि महामार्गावर बस सतत मिळतात. मंगळूरच्या बंदर भागात ‘नारायण’मध्ये मोठ्या तव्यावर लाल मसाल्यातले मासे तळतात. कार रस्त्याकडचे ‘गिरी मंजाज’ही असेच छोटे आणि गर्दीचे आहे. दोन्हीकडे रांग लावावी लागते, म्हणून बाराच्या सुमारास पोहोचा. उडुपीला कृष्णमठाजवळ ‘मित्र समाज’मध्ये गोळीबजे, बन्स आणि मसाला डोसा खावा. मुलांसाठी गडबड आइस्क्रीम आहे. उंच पेल्यात आइस्क्रीमच्या दोन-तीन चवी, जेली, फळे आणि सुका मेवा यांचे थर असतात. उडुपीतील ‘डायना’ हे त्याचे जन्मस्थान म्हणून सांगतात आणि मंगळूरला ‘आयडियल’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. चिकन घी रोस्ट मुळात उडुपीच्या पुढच्या कुंदापूरचा. तिथवर जाणे चार दिवसांत ओढाताण होईल, तो मुल्कीच्या महामार्गावरही खाता येतो.

तिरफळ

बंटांचा शेजारी यांच्या बाकी सर्व मतांशी सहमत आहे, पण मंगळूरच्या दुपारीविषयी माझे मत वेगळे आहे. सकाळी दोन तास लाटांशी झुंजलेली माणसे बाराला मंगळूरच्या रांगेत उभी राहू शकत नाहीत. त्या दिवशीची शिकवणी सोडावी लागेल आणि चारच दिवसांसाठी गेलेल्यांना एक दिवस सोडणे परवडत नाही. बसून खाल्लेला मुल्कीचा ताजा बांगडा मला रांगेतल्या प्रसिद्ध अंजलपेक्षा प्रिय आहे. उडुपीची संध्याकाळ मात्र अवश्य करावी.

बंटांचा_शेजारी

मान्य आहे. शेवटच्या दिवशी शिकवणी नसेल तर मंगळूर, नसेल जमत तर सोडून द्यावे.

कुळागर

याच धाग्यावर विचारतो. मला जुलैमध्येच सुट्टी मिळते. तेव्हा मुल्कीला गेलो तर शिकता आणि खाता येईल का?

शांभवीकाठ

शिकण्यासाठी येऊ नका. पावसाळ्यात इथला समुद्र नवशिक्यांचा नसतो आणि नदीच्या मुखाशी ओढ फार असते. खाण्यासाठी मात्र तो वेगळाच काळ आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत हॉटेलात अंजल किंवा मांजी दिसली तर ती बर्फातली समजावी. घरांत सुकी मासळी आणि नदीतली मासळी शिजते.

जुलैच्या मध्यापासून तुळू पंचांगातला आटी महिना लागतो. पूर्वी शेते पाण्याखाली आणि समुद्र बंद असल्यामुळे हा अन्नाच्या टंचाईचा महिना होता. म्हणून रानातले आणि परसातले जे उगवते त्याचेच पदार्थ झाले. अळूचे पत्रोडे, बांबूचे कोंब, ब्राह्मीच्या पानांची चटणी, फणसाच्या आठळ्या आणि टाकळ्याची भाजी. आपल्याकडे पावसाच्या पहिल्या सरींनंतर जो टाकळा खुडतात तोच हा. इथे त्याला तजंक म्हणतात. टंचाईचे हे अन्न आता आटीच्या निमित्ताने मोठ्या प्रेमाने मांडले जाते. तुम्ही खाण्यासाठी येणार असाल तर जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला या.

लाटेवरची

आम्ही परत आलो. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, म्हणून काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

मत्स्यगंधा एक्सप्रेसने पहाटे मुल्कीला उतरलो. पहिल्याच दिवशी वेळेचा धडा मिळाला. शिकवणी, अंघोळ आणि रिक्षेची वाट पाहण्यात दोन वाजून चाळीस मिनिटे झाली आणि काणे संपले होते. बांगडे उरले होते तेच घेतले. दुसऱ्या दिवसापासून सव्वाबाराला रिक्षा सांगून ठेवली आणि काणे रवा फ्राय मिळाला. मुलीने दोन संपवले आणि तिसऱ्यासाठी दादाच्या ताटात हात घातला. ओव्याच्या रश्श्याबाबत तिरफळदादांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. माझ्या यजमानांना तो पहिल्या दिवशी औषधी वाटला आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन वेळा मागून घेतला. आम्ही प्रत्येक वेळी आधी भाव विचारला. एका ठिकाणी मोठ्या अंजलचा भाव ऐकून आम्ही बूताईची पुळीमुंची घेतली आणि त्या चार दिवसांतला सर्वांत चांगला मासा तोच निघाला.

सासूबाई आणि मुलगी दोनदा कटीलला जाऊन प्रसाद घेऊन आल्या. तिथे पंगतीत शेजारी बसलेल्या एका आजी कोकणी बोलणाऱ्या निघाल्या आणि दोघींनी खोट्ट्यांसाठी फणसाची पाने कोणती निवडावीत यावर बराच वेळ बोलणे केले. खोट्टे आम्हाला फक्त एका सकाळी मिळाले, तेही सात वाजता. मंगळूरला गेलो नाही. उडुपीला गेलो, कृष्णदर्शन झाले, गोळीबजे खाल्ले आणि गडबड आइस्क्रीमचा पेला मुलाने एकट्याने रिकामा केला.

तिसऱ्यांची पुंडी मात्र शेवटच्या संध्याकाळी जमली. मालकीणबाईंना विचारायला मला दोन दिवस संकोच वाटत होता. विचारल्यावर त्यांनी पैसे घ्यायलाच नकार दिला, शेवटी आणलेल्या नारळांचे आणि तिसऱ्यांचे तेवढे घेतले. त्यांनी मला गोळ्या वळायला बसवले. माझ्या गोळ्या फार मोठ्या झाल्या होत्या, त्यांनी त्या पुन्हा मोडून लहान करून घेतल्या, कारण मोठ्या गोळीच्या आतपर्यंत रस पोहोचत नाही. सासूबाईंसाठी त्यांनी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, नुसते दाळीतोय आणि भात आधी करून ठेवला होता.

येताना कोरी रोट्टीची चार पाकिटे आणली आहेत. सासूबाईंना घरी सज्जिगे-बजिल करायचे आहे. उपमा येतो, पण बजिल कसे करायचे ते शांभवीकाठताईंनी सांगावे, अशी त्यांची विनंती आहे.

शांभवीकाठ

आजींना माझा नमस्कार सांगा. पातळ पोहे घ्यावेत आणि ते भिजवू नयेत. परातीत ताजे खवलेले खोबरे, चिरलेला गूळ, लाल तिखट, धणे-जिऱ्याची पूड आणि मीठ एकत्र करून हाताने चांगले चोळावे, म्हणजे खोबऱ्याला पाणी सुटते आणि गूळ विरघळतो. मग त्यात पोहे घालून हलक्या हाताने कालवावेत. खोबऱ्याच्या ओलाव्यावरच ते मऊ होतात. वरून खोबरेल तेलात मोहरी, उडीद डाळ आणि कढीपत्त्याची फोडणी द्यावी. कांदा-लसूण याला लागतच नाही. दहा मिनिटे झाकून ठेवून गरम उपम्यावर घालून वाढावेत.